जंतुनाशकांमुळे जडणारा दमा कसा ओळखायचा

१८८९ चा हिवाळा. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन नावाच्या परिचारिका शस्त्रक्रियागृहात काम करत होत्या. त्या काळी हात निर्जंतुक करायला मर्क्युरिक क्लोराइडचं, म्हणजे पाऱ्याच्या क्षाराचं पाणी वापरत. त्या पाण्याने हॅम्प्टनबाईंच्या हातांची कातडी सोलवटून निघाली, काम सोडायची वेळ आली. तिथले शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. आज जगातल्या प्रत्येक ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, दिसणारे मोजे हे असे आले. रुग्णाला संसर्ग होऊ नये हा विचार नंतरचा. पहिला जोड बनला तो जंतुनाशकापासून एका सिस्टरचे हात वाचावेत म्हणून.

हातांवर मोजे चढवता येतात, पण श्वास घेतल्याशिवाय कुणाचं चालत नाही. ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या ट्रेवर वाकून दुर्बिणीच्या नळ्या धुणारी सिस्टर, हायपोक्लोराइटच्या, म्हणजे ब्लीचच्या, बादलीत पोछा बुडवणाऱ्या मावशी, फॉर्मॅलिनच्या बरण्या उघडणारा पॅथॉलॉजीचा तंत्रज्ञ, ओटीत फॉगिंग करून, म्हणजे हवेत जंतुनाशक फवारून, दार लावणारा वॉर्डबॉय, दातांच्या दवाखान्यात दर पेशंटनंतर खुर्चीवर स्प्रे मारणारी सहायक. या सगळ्यांच्या छातीत रोज थोडं थोडं जे जातं, त्यातून काहींना दमा जडतो. त्याला व्यावसायिक दमा म्हणतात. मोठेपणी सुरू होणाऱ्या दम्यांपैकी साधारण सहातला एक कामाशी जोडलेला असतो, असा जाणकारांचा अंदाज आहे, आणि आरोग्यसेवा व साफसफाई ही त्यातली ठळक क्षेत्रं आहेत. तरीही हा दमा आपल्याकडे सहसा ओळखला जात नाही. तो का निसटतो आणि कसा पकडायचा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

एकाच नावाखाली तीन वेगळे आजार

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज येते, भोवतालचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साचतो. मग घरघर, धाप, छातीत आवळल्यासारखं होणं, किंवा नुसताच न थांबणारा कोरडा खोकला. इथपर्यंत सगळे दमे सारखे. जंतुनाशकं मात्र तिथवर वेगवेगळ्या वाटांनी पोचवतात, आणि वाट कोणती यावर पुढचे उपाय ठरतात.

पहिली वाट ॲलर्जीची. ग्लुटाराल्डिहाइडचा रेणू इतका छोटा असतो की एकट्याने तो प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरत नाही. पण तो श्वासनलिकेतल्या प्रथिनांना चिकटतो आणि त्यांचं रूप बदलतो. शरीराला ते बदललेलं प्रथिन परकं वाटतं आणि त्याच्याविरुद्ध तयारी सुरू होते. ही तयारी काही आठवड्यांत होऊ शकते किंवा त्याला काही वर्षंही लागू शकतात. तोवर माणूस त्याच खोलीत, त्याच द्रावणात, काहीही त्रास न होता काम करत असतो. एकदा तयारी पुरी झाली की मग अगदी किंचित बाष्पसुद्धा पुरतं; शेजारी उभ्या सहकाऱ्याला वासही जाणवणार नाही एवढं. विरजण लागलेलं दूध पुन्हा दूध होत नाही, तसं हे शरीर पुन्हा पहिल्यासारखं अजाण होत नाही.

दुसरी वाट थेट जळजळीची. इथे ॲलर्जीचा संबंध नाही. क्लोरीनसारखा वायू एकदम मोठ्या प्रमाणात छातीत गेला तर अस्तर भाजून निघतं आणि काही तासांत दम्यासारखी लक्षणं सुरू होतात. अमेरिकी डॉक्टर स्टुअर्ट ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये याचं पहिलं नीट वर्णन केलं. आधी छातीचा कसलाही आजार नसलेला माणूस, एकच मोठा प्रसंग, २४ तासांच्या आत त्रास सुरू, आणि तो ३ महिने किंवा त्याहून जास्त टिकणारा. आपल्याकडे हा प्रसंग संडासात घडतो. आधी ब्लीचिंग पावडर टाकली जाते, डाग गेले नाहीत म्हणून वरून ॲसिडवालं क्लीनर ओततात, आणि बंद खोलीत क्लोरीन सुटतो. सांडलेल्या लघवीवर थेट हायपोक्लोराइट ओतलं तरी त्यातल्या नत्रयुक्त पदार्थांशी संयोग होऊन क्लोरामाइनचे वायू निघतात, तेही छातीला झोंबतात. म्हणून आधी शोषून घेऊन पुसायचं आणि मग जंतुनाशक लावायचं. एकच मोठा प्रसंग नसतानाही, वर्षानुवर्षं थोड्या थोड्या जळजळीतून दमा होतो असं मानायला बराच आधार आता जमला आहे.

तिसऱ्या वाटेवर दमा आधीपासूनच असतो, कामामुळे तो बिघडतो. लहानपणी दमा होता, मधली वर्षं बरी गेली, नर्सिंगला लागल्यावर पुन्हा पंप हातात आला, असं सांगणारे बरेच असतात. अशांना "तुझा जुनाच दमा आहे" म्हणून परत पाठवलं जातं. दमा जुना असेल, पण तो आताच का उठला याचं उत्तर त्यात नाही.

गावी गेल्यावर बरं वाटतं

दमा निसटतो त्याचं मुख्य कारण वेळेत आहे. वास आला आणि लगेच धाप लागली, असं झालं तर कुणालाही कळेल. पण लहान रेणूंच्या ॲलर्जीत बऱ्याचदा त्रास ४ ते ८ तासांनी उठतो. सकाळच्या पाळीत स्कोप धुतले, दुपारी घरी आलो, रात्री झोपताना खोकल्याची उबळ. मग संशय जातो गादीच्या धुळीवर, मच्छर अगरबत्तीवर, फोडणीच्या खकाण्यावर, शेजारच्या बांधकामावर. ज्या ठिकाणी त्रास झालाच नाही, त्या कामाच्या जागेवर संशय कसा जाणार?

सुट्टीचंही तसंच. दिवाळीत किंवा मे महिन्यात माणूस ८-१० दिवस गावी जातो आणि छाती मोकळी होते. सगळे म्हणतात, गावची हवा मानवली. डॉक्टरही मान डोलावतात. परत आल्यावर दोन-चार दिवसांत पुन्हा खोकला, की दोष शहराच्या हवेला. शहराची हवा वाईट आहेच, त्यात शंका नाही. पण त्याच शहरात, त्याच घरात राहून, फक्त ड्युटी नसलेल्या दिवसांत बरं वाटतं का, हा प्रश्न विचारला तर दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येतात. आजार जुना झाला की एका रविवारच्या सुट्टीत छाती सुधारतही नाही, सलग आठवडाभर लांब राहावं लागतं. त्यामुळे "सुट्टीतही त्रास होतो, म्हणजे कामाचा संबंध नाही" हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

एक खूण मात्र लवकर दिसते. छातीच्या आधी बऱ्याचदा नाक आणि डोळे बोलतात. ड्युटीवर सटासट शिंका, नाकातून पाणी, डोळे चुरचुरणं. याला सर्दी म्हणून सोडून देतात. कामाच्या जागी होणारी ही नाकाची ॲलर्जी पुढच्या दम्याची पूर्वसूचना असू शकते. मला विचाराल तर रुग्णालयाने लक्ष ठेवायची हीच सर्वांत मोलाची वेळ आहे, कारण इथे थांबवलं तर छाती वाचते.

अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर, १७०० मध्ये, इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी सहकाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर एक प्रश्न आणखी विचारा: तू काम काय करतोस? आपल्या ओपीडीत केसपेपरवर वय, लिंग, पत्ता असतो. व्यवसायाचा रकाना रिकामा राहतो, किंवा त्यात "नोकरी" एवढंच लिहिलेलं असतं. नर्सताई स्वतः त्याच रुग्णालयात दाखवायला जातात, तेव्हा तर कुणी विचारतही नाही. सगळ्यांना माहीतच असतं की त्या इथेच काम करतात.

कोणत्या बाटलीत काय

ग्लुटाराल्डिहाइड, म्हणजे सगळे ज्याला सायडेक्स म्हणतात ते २ टक्क्यांचं द्रावण, ॲलर्जीच्या दम्याचं जुनं आणि पक्कं सिद्ध झालेलं कारण. ब्रिटनमध्ये एंडोस्कोपी विभागांतल्या परिचारिकांना यामुळे दमा झाल्याचं इतकं स्पष्ट झालं की भरपाई मिळणाऱ्या व्यावसायिक आजारांच्या तिथल्या यादीत त्याचं नाव आलं, आणि २००२ च्या सुमारास ते तिथल्या वापरातून जवळपास गेलं. आपल्याकडे ते अजून सर्रास वापरतात. स्वस्त आहे, दुर्बिणीच्या भिंगांना इजा करत नाही, आणि सवय आहे.

त्याच्या जागी ओपीए, म्हणजे ऑर्थो-थॅलाल्डिहाइड आलं. ०.५५ टक्क्यांचं द्रावण, बाष्प कमी, वासही फारसा नाही. पण तेही त्याच घराण्यातलं आहे. त्वचेवर पडलं तर करडा डाग पडतो, कारण ते प्रथिनांना चिकटतं. आणि प्रथिनांना चिकटणं हाच तर ॲलर्जीचा पाया. वास येत नाही म्हणून झाकण उघडं ठेवायची सवय लागते, ती घातक आहे.

फॉर्मॅलिनबद्दल दोन शब्द जास्त लिहावेसे वाटतात. त्यातला फॉर्मॅल्डिहाइड हा वायू डोळ्यांना, नाकाला, छातीला त्रास देतो, दमा देऊ शकतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत पहिल्या गटात ठेवलं आहे. तरीही अनेक ठिकाणी ओटीत फॉर्मॅलिनमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकून धुरी देतात. दुसऱ्या दिवशी दार उघडणाऱ्याच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागतात. जोसेफ लिस्टर हे जंतुविरहित शस्त्रक्रियेचे जनक. त्यांनी सुरुवातीला ओटीच्या हवेत कार्बोलिक ॲसिडचा फवारा मारायची पद्धत रूढ केली होती. पुढे त्यांनीच ती सोडून दिली आणि आपण ती कधी सुचवली याची खंत १८९० मध्ये जाहीरपणे बोलून दाखवली. जंतू मुख्यतः हातांवरून आणि उपकरणांवरून पोचतात हे कळल्यावर हवेला औषध मारण्यात अर्थ उरला नव्हता. आजही अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेची मार्गदर्शिका रुग्णांच्या खोल्यांत जंतुनाशकाचं नेहमीचं फॉगिंग करू नका असंच सांगते. नीट घासून पुसणं आणि हवा खेळती राहण्याची चांगली सोय, ओटीला हेच लागतं.

फरशी आणि खाटा पुसायच्या बाटल्यांत बहुधा क्वाट्स असतात, म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखे चतुर्थक अमोनियम क्षार. वास मंद आणि लिंबाचा किंवा फुलांचा, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. दम्याशी त्यांचा संबंध मात्र अनेक देशांत नोंदला गेला आहे. नवं म्हणजे सुरक्षित, असंही धरून चालता येत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात हायड्रोजन पेरॉक्साइड, पेरॲसेटिक ॲसिड आणि ॲसेटिक ॲसिड यांचं मिश्रण असलेलं नवं जंतुनाशक आणलं गेलं. पातळ केल्यावर वापरताना वेगळं संरक्षण नको, असं सांगितलं होतं. सफाई कर्मचाऱ्यांचे डोळे चुरचुरू लागले, नाकं वाहू लागली, काहींचा दमा वाढला. तिथली कामगार आरोग्याची सरकारी संस्था येऊन तपासून गेली, तेव्हा तक्रारी खऱ्या निघाल्या.

मोठ्या अभ्यासांकडेही एक नजर टाकू. अमेरिकेतल्या ७३,२६२ परिचारिकांचा पाठपुरावा करून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ग्लुटाराल्डिहाइड, ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड, अल्कोहोल आणि क्वाट्स यांच्याशी जास्त संबंध येणाऱ्यांत सीओपीडी होण्याचा धोका २५ ते ३८ टक्क्यांनी जास्त आढळला, धूम्रपानाचा हिशोब वेगळा काढूनही. सीओपीडी हा श्वासमार्ग अरुंद होत जाण्याचा, दम्याहून वेगळा आणि बहुतांशी भरून न येणारा आजार, म्हणून ही गोष्ट जास्त गंभीर. असे अभ्यास वाचताना एक ध्यानात ठेवावं: ज्यांना फार त्रास होतो ते विभाग बदलून घेतात किंवा नोकरीच सोडतात. पाहणी करायला गेलं की समोर उरलेले धडधाकट लोक असतात. त्यामुळे खरं नुकसान आकड्यात दिसतं त्यापेक्षा बहुधा जास्तच असतं.

छोटी नळी, मोठा पुरावा

निदानाचं सर्वांत उपयोगी साधन काही शे रुपयांत औषधाच्या दुकानात मिळतं. पीक फ्लो मीटर. प्लास्टिकची नळी, वर आकड्यांची पट्टी. उभं राहून छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट लावायचे आणि एकदम जोरात फुंकायचं. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. दिवसातून निदान ४ वेळा, साधारण ठरलेल्या वेळांना, सुमारे ४ आठवडे. त्यात कामाचे दिवस हवेत आणि सलग सुट्टीचेही हवेत. आकड्याशेजारी त्या दिवशी ड्युटी कोणती होती, कोणतं द्रावण हाताळलं आणि पंप किती वेळा घेतला, हेही. या काळात औषधं मनाने बदलायची नाहीत, नाहीतर आकडा कशामुळे हलला ते कळणार नाही.

वही भरली की चित्र डोळ्यांसमोर येतं. ड्युटीच्या दिवसांत आकडे खाली उतरत जातात, सुट्टीत वर चढतात, परत गेल्यावर पुन्हा घसरतात. ही वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेलं तर बोलण्याला वजन येतं. स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणं, आणि गरज पडल्यास श्वासनलिका किती चटकन आवळतात हे पाहणारी मेथॅकोलीनची चाचणी ते पुढे करतील. एक सावधगिरी: स्पायरोमेट्री सुट्टीच्या दिवशी केली तर ती नॉर्मल येऊ शकते. शक्यतो ड्युटीच्या आठवड्यातच करून घ्यावी. आणि निदान पक्कं होण्याआधी रागाने राजीनामा देऊ नये, कारण कामापासून दूर गेल्यावर पुरावा गोळा करता येत नाही. झटका मोठा येत असेल तर अर्थातच आधी जीव, मग पुरावा.

उपचार नेहमीच्या दम्याचेच असतात, श्वासावाटे घ्यायचं स्टिरॉइड हा त्यांचा पाया. पंपाची सवय लागते ही भीती सोडून द्यावी. पण फक्त पंप वाढवत नेऊन त्याच खोलीत काम चालू ठेवणं हा उपचार नव्हे. ॲलर्जीचा दमा असेल तर त्या रसायनाचा संबंध पूर्ण तोडावा लागतो; मास्क लावून चालवून नेणं पुरेसं पडत नाही. वेळेत दूर झालेल्यांचा दमा सुधारतो, तरी पूर्ण बरे होणारे साधारण एक तृतीयांशच. लक्षणं सुरू झाल्यावर जितके महिने, वर्षं तिथेच काढली, तितकी ही शक्यता घटते. जळजळीच्या दम्यात मात्र प्रमाण खूप कमी केलं, हवा खेळती केली, तर त्याच जागी काम चालू ठेवता येऊ शकतं. म्हणूनच प्रकार ओळखणं महत्त्वाचं.

रुग्णालयाला काय करता येईल

अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने गेल्या शतकात एक साधी विभागणी मांडली, ती आजही जगभर वापरतात. शरीराच्या निर्जंतुक भागात जाणारं उपकरण पूर्ण निर्जंतुक हवं; ते बहुतेक वेळा ऑटोक्लेव्हच्या वाफेने होतं, रसायन लागतच नाही. तोंड, अन्ननलिका अशा ओल्या अस्तराला लागणाऱ्या उपकरणाला तीव्र जंतुनाशक हवं. धडधाकट कातडीला लागणाऱ्या वस्तूंना, म्हणजे बीपीचा पट्टा, खाट, टेबल, फरशी यांना सौम्य साफसफाई पुरते. आपल्याकडे ही विभागणी उलटी होते. फरशीला वास आल्याशिवाय वॉर्ड स्वच्छ वाटत नाही, म्हणून मावशींच्या बादलीत अंदाजाने दुप्पट औषध पडतं. त्याने जंतू दुप्पट मरत नाहीत, बाष्प मात्र दुप्पट होतं. मापाचा कप देणं हा जवळपास फुकटातला उपाय आहे.

फवारण्याऐवजी कपड्यावर घेऊन पुसणं हाही तसाच. फवाऱ्याचे बारीक थेंब थेट छातीत उतरतात. कोविडच्या काळात माणसांवर हायपोक्लोराइट फवारण्याचे प्रकार झाले, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला एप्रिल २०२० मध्ये ते थांबवण्याची सूचना काढावी लागली. पण फवाऱ्याची सवय दवाखान्यांतून पूर्ण गेलेली नाही.

स्कोप धुण्यासाठी बंद यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर झाकणाचा ट्रे, आणि बाष्प तोंडापर्यंत येण्याआधीच ओढून घेणारा एक्झॉस्ट. एसी पुरत नाही, कारण साधा स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो. एन-९५ मास्क कण अडवतो, बाष्प नाही. त्यासाठी कोळशाच्या काडतुसाचा रेस्पिरेटर लागतो. आणि ग्लुटाराल्डिहाइडला लॅटेक्सचे मोजे चालत नाहीत, नायट्राइलचे हवेत. लॅटेक्सचीही एक गोष्ट आहे. एड्सच्या भीतीने १९८० च्या दशकानंतर पावडर लावलेल्या मोज्यांचा वापर प्रचंड वाढला, पावडरीबरोबर लॅटेक्सची प्रथिनं हवेत उडू लागली आणि परिचारिकांना त्याचाच दमा होऊ लागला. जर्मनीने १९९८ मध्ये पावडरचे लॅटेक्स मोजे बंद केले, अमेरिकेने २०१७ मध्ये पावडरचे सगळेच. जिथे ते बंद झाले तिथे नवे रुग्ण झपाट्याने घटले. व्यावसायिक दमा थांबवता येतो याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

कायद्यातही याला जागा आहे. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, दोन्हींच्या तिसऱ्या अनुसूचीत ॲलर्जी आणणाऱ्या मान्य पदार्थांमुळे कामातून होणारा दमा व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला होता. त्यांच्या जागी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतली तिसरी अनुसूचीही व्यावसायिक आजारांचीच. पण दाव्याला कागद लागतो. कंत्राटी सफाई कामगारांकडे तो सर्वांत कमी असतो, आणि बादलीवर वाकलेले सर्वांत जास्त तास त्यांचेच. म्हणून डॉक्टरांना आग्रहाने सांगावं की केसपेपरवर पदाचं नाव, विभाग, हाताळलेली रसायनं आणि लक्षणं सुरू झाल्याची तारीख लिहा. गळती झाली, वायू सुटला तर त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्यावी. कॅनवरच्या लेबलचा फोटो काढून ठेवावा, कारण पुरवठादार बदलला की नाव बदलतं. आणि प्रत्येक रसायनासोबत त्याचं सुरक्षा माहितीपत्रक यायला हवं. ते स्टोअरमधून मागून घ्यावं, मराठीत समजावून घ्यावं, आणि कंत्राटी मावशींनाही वाचून दाखवावं.